थोरलीची मुदत

इस्त्री आता उचलायला हवी, हे थोरलीला कळत होतं... तरी तिने ती उचलली नाही! पांढऱ्या पट्टीच्या कडेला आधी पिवळट, मग तांबूस डाग उमटला, जळक्या कापडाचा वास स्वयंपाकघरात पसरला आणि मगच "अगं बाई!" म्हणत तिने हात मागे घेतला. ते "अगं बाई"सुद्धा जरा उशिराच आलं.

धाकटी बहीण वकील झाली तेव्हापासून दोघींच्या गळ्यातल्या वकिली पट्ट्यांना रोज सकाळी थोरलीच इस्त्री करायची. आज जळली ती धाकटीची. थोरलीची स्वतःची मात्र शेजारीच दुधासारखी पांढरीशुभ्र पडली होती.

"कसला वास गं, ताई?" ओले केस पुसत धाकटी दारात आली. टेबलावर तिची नजर गेली आणि ती पटकन पुढे झाली. "राहू दे ती, माझी जुनी आहे कपाटात. तुझा हात नाही ना भाजला?"

हात नाही ना भाजला! ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर थोरलीला बरं वाटलं असतं. पण या पोरीच्या भोळ्या मायेने तिचं अंतःकरण जास्तच होरपळलं.

"नाही भाजला," ती म्हणाली. "आणि जुनी कशाला वापरतेस? आता खुर्चीवर बसायचंय तुला. सगळं नवंच घे."

धाकटी हसली. त्या वाक्यातला काटा तिला टोचला की नाही, ते थोरलीला कळलं नाही.

बातमी आदल्या संध्याकाळी आली होती. शहराच्या कोर्टातली न्यायाधीशाची एक खुर्ची कधीपासून रिकामी पडली होती, आणि त्या खुर्चीवर धाकटीची निवड झाली होती. त्यांचे वडील याच कोर्टात शिपाई होते. दाराबाहेर उभं राहून पक्षकारांची नावं खड्या आवाजात पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. काल तोच आवाज त्यांनी पुन्हा बाहेर काढला होता.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," अभिनंदनाला आलेल्या शेजाऱ्यांना ते सांगत सुटले होते, "आमच्या घरात मी एक वेडा नि पोरी दोन वेड्या! पण ही धाकटी बघा, पायरी चढली ती थेट खुर्चीपर्यंत!"

थोरली तेव्हा सगळ्यांना चहा देत होती. कुणीतरी भिडेखातर विचारलं, "आणि मोठ्या बाई?"

"ती? ती आहेच की!" बाबा म्हणाले.

आहेच की! जसा उंबरठा असतो, जशी भिंत असते, तशी ती आहेच! आई गेली तेव्हा धाकटी फ्रॉकमध्ये होती. बाबांच्या पगारात दोन पोरींची शिक्षणं होईनात, म्हणून थोरलीने कॉलेज सोडलं आणि कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली टाईपरायटर घेऊन बसली. लोकांचे अर्ज, लोकांची भांडणं, लोकांच्या फारकती ती बडवत राहिली... आणि धाकटी एकेक इयत्ता चढत राहिली. पुढे थोरलीनेही जिद्दीने वकिली पुरी केली, काळा डगला अंगावर घातला, उलटतपासणीत नाव काढलं. पण न्यायाधीशाच्या निवडीला ती उभी राहायला गेली, तेव्हा वयाची अट तिने केव्हाच ओलांडली होती. ती वर्षं कुठे गेली, हे विचारायची गरज नव्हती. ती समोर ओले केस पुसत उभी होती.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं... ही म्हण मनात आली आणि थोरलीला स्वतःचीच किळस आली. आपल्या लेकरासारखी वाढवलेली पोर, आणि तिला आपण कुत्रं म्हणतो? पण आलेली म्हण काही परत गेली नाही.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी थोरलीने गिळलं असतं. पण मेख पुढेच होती. कोर्टाचा दंडक असा, की ज्या कोर्टात न्यायाधीश बसतो तिथे त्याच्या सख्ख्या नात्यातल्या वकिलाने काम चालवायचं नाही. धाकटीने खुर्ची घ्यायची, तर थोरलीने कोर्ट सोडायचं! कोर्टाचे मुख्य न्यायाधीश, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांनी थोरलीला आपल्या खोलीत बोलावून अदबीने सांगितलं, "मोठ्या बाई, तुमचा शब्द मिळाला की तुमच्या बहिणीला शपथ देतो. सक्ती नाही. पण तुमच्या शब्दाशिवाय तिला बसवता येणार नाही."

थोरलीने मान खाली घातली. "थोडी मुदत द्या, साहेब."

"घ्या की."

वकिलाच्या जिभेला एक खोड असते. त्याला "नाही" म्हणता येत नाही. तो तारीख मागतो. साक्षीदार आजारी आहे, कागद यायचे आहेत, पक्षकार परगावी आहे... कारण खरं असो वा खोटं, तारीख मिळाली की आजचं मरण उद्यावर जातं. या घराला तर ती खोड हाडापर्यंत मुरली होती. न्हाणीघराचं गळकं छप्पर, बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, इतकंच काय, धाकटीला आलेलं एक चांगलं स्थळसुद्धा या घरात तारखांवर तारखा पडून निकालात निघालं होतं! त्यामुळे थोरलीने मुदत मागितली तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही. तिला स्वतःलाही नाही.

पहिल्यांदा ती म्हणाली, हातात चालू कामं आहेत. मग म्हणाली, ती कामं दुसऱ्याकडे सोपवायची तर पक्षकारांना विचारायला हवं. मग बाबांना खोकला झाला. मग बाबांचा खोकला बरा झाला, पण मोठे साहेब रजेवर गेले, आणि थोरलीने सुटकेचा निःश्वास टाकला!

या काळात तिची जी तगमग झाली ती तिलाच ठाऊक. वकिलांच्या खोलीत धाकटी शिरली की खुर्च्या मागे सरकायच्या; परवापर्यंत तिला "ए छोट्या बाई, चहा सांग" म्हणणारे आता "आपण बसा" म्हणू लागले होते. एक तुंदिलतनू वकील मोठ्याने म्हणाले, "मोठ्या बाई, आता घरात भांडण झालं तर अपील कुठे करणार?" सगळी खोली खो खो हसली. थोरलीही हसली. हसताना लोकांना आपले दात तेवढे दिसतात, हे किती बरं असतं!

तिला धाकटीचं सगळंच सलू लागलं. तिची चाल, तिचं वाचताना ओठ मुडपणं, एवढंच काय, तिचं "ताई" म्हणणंही! बोलायला उभी राहिली की धाकटी क्षणभर टेबलावर बोटं टेकवायची. ही लकब थोरलीची होती. म्हणजे माझं उभं राहणंही हिने घेतलं? मग माझ्याकडे उरलं काय?

असेच दिवस जात असताना एके संध्याकाळी धाकटी उशिरा घरी आली. पुढच्या खोलीत दोघींची दोन टेबलं समोरासमोर होती. थोरली आपल्या टेबलाशी वाचत बसली होती. धाकटीने पिशवी खाली ठेवली, पण डगला काढला नाही.

"ताई, मोठ्या साहेबांना तू काय सांगितलंस?"

"मुदत मागितलीय."

"परत?"

"परत म्हणजे? काम का थोडंथोडकं आहे? एका रात्रीत आवरतं होय?"

"माझी वाट बघून ते आता दुसरं नाव पाठवणार आहेत. तुला माहीत होतं हे?"

थोरलीने पान उलटलं. "तू माझी उलटतपासणी घेतेयस का, चिमे?"

"तूच शिकवलीस. साधा प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं."

"मग विचार की!"

धाकटी पुढे आली. तिने नजर हलवली नाही.

"ताई... तुला माझा हेवा वाटतो का?"

आतल्या खोलीत बाबांच्या रेडिओवर कुणीतरी बातम्या वाचत होतं. थोरलीच्या जिभेवर जुनी उत्तरं आली. "असं कसं बोलतेस", "वेडी आहेस का", "आत्ता नको, उद्या बोलू". पण धाकटी गप्प उभी होती, शिकवल्याप्रमाणे, उत्तराची वाट बघत.

"हो," थोरली म्हणाली.

आणि मग बांध फुटला! "हो, वाटतो! तुझ्या केसांचा, तुझ्या वयाचा, तुझ्या नशिबाचा हेवा वाटतो मला! तुझी पट्टी मी मुद्दाम जाळली, चिमे! ती खुर्ची माझी होती गं... माझ्या वर्षांची होती! आणि आता तू तिच्यावर बसायचंस म्हणून मी उठायचं? जन्मभर मी उठतच आले. आई गेली तेव्हा कॉलेजातून उठले, आता कोर्टातून उठू? मग मी बसू कुठे? सांग ना, कुठे बसू मी?"

तिने पदरात तोंड खुपसलं. रडताना तिचा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत.

धाकटी मटकन समोरच्या स्टुलावर बसली. बोलली तेव्हा तिचा स्वर विलक्षण मऊ होता.

"एवढंच होतं? मग आधी सांगायचंस ना, ताई! मला वाटलं, माझी लायकी नाही म्हणून तू गप्प आहेस. वाटायचं, ताईला माझ्यात काहीतरी खोट दिसतेय आणि जिवावर येतं म्हणून ती बोलत नाही. कोर्टात उभी राहायचे तर माझे पाय लटपटायचे." तिने डोळे पुसले. "उद्या जाऊन मी साहेबांना नाही म्हणून सांगते."

"मला त्याग दाखवू नकोस!"

"त्याग कसला? तू नसलेल्या कोर्टात मला पाऊलच टाकता येत नाही, एवढं साधं आहे ते."

ती उठून आत गेली. थोरली जिंकली होती. समोरच्या बाजूने स्वतः होऊन दावा मागे घेतला होता. असा निकाल लागला की वकिलाच्या अंगात बळ येतं, भूक लागते, कुणालातरी सांगावंसं वाटतं. थोरली मात्र तशीच बसून राहिली, आणि समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघायचं टाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचं एक काम त्या रिकाम्या खुर्चीच्या दालनातच होतं. खुर्चीच्या पाठीला कुणीतरी फडकं वाळत घातलं होतं. खाली कारकून बसला होता. तो एकेक नाव घेई, माणसं उठून उभी राहत, तो पुढची तारीख सांगे, माणसं निघून जात. न्यायाधीश नाही, तर दुसरं काय होणार?

थोरलीच्या शेजारी बाकावर एक म्हातारी येऊन टेकली. तारीख घेऊनही ती जात नव्हती.

"आजी, तुमचं झालं की," थोरली म्हणाली.

"झालं कुठे, बाई? तारीख मिळाली." म्हातारीने चपलेत पाय सारला, परत काढला. "मुलगा गेला माझा. सून नातवाला घेऊन माहेरी गेली, मला भेटू देत नाही. भेटायची परवानगी मागितलीय. अर्ज केला तेव्हा रांगत होता तो. आता शाळेत जातो म्हणे... मला ओळखेल का हो?"

थोरलीने हातातले कागद मिटले.

"नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, बाई. घरी जाऊन मेल्यासारखी पडले असते, चार दिवसांनी उठले असते. पण हे हो म्हणत नाहीत नि नाहीपण म्हणत नाहीत. नुसतं पुढे या म्हणतात. माझ्या वयाला किती पुढे जायचं?" तिने खुर्चीकडे हनुवटी उडवली. "येणार होत्या म्हणे तिथे कुणी बाई. पण घरचंच कुणीतरी आडवं आलंय. कारकून सांगत होता. मी म्हटलं, असेल कुणी दुष्मन."

"दुष्मन नाही, आजी," थोरली कशीबशी म्हणाली. "सख्खी थोरली बहीण आहे."

"सख्खी?" म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "अगं बाई, मग काय चिंता? सख्खी आहे म्हणजे ऐकेल की ती!"

ऐकेल की ती! एवढा भाबडा विश्वास थोरलीवर कुणी, कधी टाकला होता? ती समोर बघत राहिली. धाकटी त्या खुर्चीवर बसली नाही, तर मी बसणार आहे का? नाही! तिथे फडकंच वाळत राहणार. माझ्या दुःखाची भरपाई म्हणून मी हिच्या नातवाची वर्षं घेतेय, आणि माझी गेलेली वर्षं तर एकही परत येत नाहीत...

ती उठली. तिचं नाव अजून पुकारलं जायचं होतं, तरी उठली, आणि जिने चढून मोठ्या साहेबांच्या खोलीशी आली. आतून धाकटीचा आवाज येत होता. दारावर टकटक करायचं भान थोरलीला उरलं नाही.

"साहेब, तिचं ऐकू नका!"

धाकटी दचकून वळली. साहेबांनी चष्मा काढला. "मोठ्या बाई, तुमच्या बहिणीने आत्ताच नकार दिला."

"तो धरू नका, साहेब. माझा शब्द घ्या." थोरलीने खांद्यावरून काळा डगला उतरवला. तिथेच, टेबलाशी उभं राहून, घडी घालू लागली. बाह्या काही केल्या जुळेनात. "हातातली कामं आज सोपवते. उद्यापासून या कोर्टात मी उभी राहणार नाही."

"ताई, नको! मी बसणार नाही, सांगून ठेवते!"

"गप्प बस. न्यायाधीशाने असं मधे बोलू नये."

"न्यायाधीश मधेच बोलतात!"

"मग हो आधी, आणि बोल!"

धाकटी हसायला गेली आणि तिला हुंदकाच फुटला. ती तशीच येऊन थोरलीच्या गळ्यात पडली, लहानपणी ताप आला की पडायची तशी, सगळा भार टाकून. मोठे साहेब खिडकीशी गेले आणि बाहेर काही विशेष घडत असल्यासारखे बघत राहिले.

जिना उतरताना धाकटीने हळूच विचारलं, "ताई... आणि तो हेवा?"

"आहे," थोरली म्हणाली. "तो कुठे जातोय? त्याला बरोबर घेऊनच वर आले मी."

घरी बाबांना सगळं सांगितलं, तेव्हा ते जागेवरून उठले. मग काठी टेकत थोरलीच्या टेबलाशी आले. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जन्मभर सगळ्या जगाची नावं पुकारली गं मी," ते म्हणाले, "आणि घरातलं तुझंच तेवढं राहिलं. चुकलं माझं, पोरी."

थोरलीने त्यांचा हात आपल्या गालाशी धरून ठेवला.

धाकटीने शपथ घेतली त्याच सुमारास थोरली शेजारच्या शहरातल्या कोर्टात जाऊ लागली. सकाळी बस पकडायची. तिथे तिला कुणी मोठ्या बाई म्हणत नव्हतं. वकिलांच्या खोलीत दाराजवळची वाऱ्याची जागा तिला मिळाली, कारण नव्यांना तीच मिळते. पोरगेलेसे वकील तिला नियम समजावून सांगत, आणि ती "असं होय?" म्हणे.

धाकटी खुर्चीवर बसली त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी तिघं जेवायला बसली. आजवर या घरात जेवण म्हणजे दिवसभराचं कोर्ट पुन्हा भरायचं. कोण काय म्हणालं, कुणाची कशी जिरली, कुठला प्रश्न विचारायला हवा होता. भाजी अळणी आहे की तिखट, हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आज मात्र भांड्यांचाच आवाज होत होता. थोरलीच्या ओठांवर प्रश्न येऊन येऊन थडकत होते... काय झालं गं? कोण उभं होतं? त्या म्हातारीचं नाव निघालं का? पण न्यायाधीशाने समोरचं प्रकरण घरात बोलायचं नसतं, आणि वकिलाने ते विचारायचं नसतं. दोघींनाही ते पक्कं ठाऊक होतं. खुर्चीसाठी काय काय द्यावं लागेल याचा हिशेब दोघींनी आपापल्या परीने केला होता, पण हे ताटावरचं बोलणं त्यात धरायचं दोघीही विसरल्या होत्या!

"ताई, काही विचारू नकोस हं," धाकटी ताटात बघत म्हणाली.

"नाही विचारत."

बाबा लवकर उठून आत गेले. थोड्या वेळाने थोरलीच बोलू लागली, तिच्या नव्या कोर्टाबद्दल, जिथे धाकटीचा काही संबंध नव्हता. तिथे आज तिला पहिली उलटतपासणी मिळाली होती. साक्षीदार होता एक घरमालक, बोलका, गोड, हात जोडून बोलणारा. भाडेकरूला धक्का मारून बाहेर काढलं आणि वर म्हणे, तो स्वखुशीने गेला!

धाकटीचा घास हातातच राहिला. "मग?"

"मग मी म्हटलं, स्वखुशीने गेला, तर जाताना चूल पेटती का ठेवून गेला?"

"आणि तो?"

"त्याने वकिलाकडे बघितलं."

"तिथेच पकडायचा!" धाकटी उसळून म्हणाली, आणि एकदम थांबली. तिचे डोळे भरून आले. "ताई... आज दिवसभर मी नुसती ऐकत होते. समोर एक पोरगा चुकीचा प्रश्न विचारत होता, आणि खरा प्रश्न माझ्या जिभेवर वळवळत होता, आणि मला तो विचारता येत नव्हता. आता कधीच येणार नाही. मला तुझा इतका हेवा वाटला गं... इतका वाटला!"

थोरली तिच्याकडे बघत राहिली. ज्या खुर्चीसाठी ती आतल्या आत जळत होती, तिथून उठून आलेला हा चेहरा किती एकटा होता! तिने हात पुढे करून धाकटीच्या गालावरचं पाणी निपटलं.

"आधी तो घास खा," ती म्हणाली.

मग तिने पाण्याचा पेला बाजूला सरकवला, ताटाशी नीट सरसावून बसली आणि ती उलटतपासणी अगदी पहिल्यापासून सांगायला घेतली... सावकाश, एकही प्रश्न न गाळता.